घरात संडास असून आबाजी तुळशीमागे का जातात? डिमेन्शियातल्या संडास-न्हाणीच्या सवयी समजून घेताना

संडास बांधलेला आहे, दार आहे, पाणी आहे, तरी आबाजी तुळशीमागच्या कोपऱ्यात लघवीला उभे राहतात. आजी ओलं लुगडं धान्याच्या कोठीमागे खुपसून ठेवते. आताच जाऊन आलेला माणूस पाच मिनिटांत पुन्हा "मले जायचं हाय" म्हणतो. घरातलं कोणी याला हट्ट म्हणतं, कोणी म्हातारचळ. डिमेन्शियात, म्हणजे स्मृतिभ्रंशात, मेंदूचे काही भाग हळूहळू निकामी होत जातात. जागा ओळखणं, क्रम लक्षात ठेवणं, लघवी थोडा वेळ धरून ठेवणं, चारचौघांत काय करायचं नाही हे कळणं, ही सगळी मेंदूचीच कामं आहेत. त्यामुळे हे वागणं मुद्दाम केलेलं नसतं. पण प्रत्येक वागण्याला कारण असतं आणि बहुतेक वेळा ते शोधता येतं.

आधी विचारा: हे कधीपासून?

वर्षभरात हळूहळू वाढत गेलेली सवय वेगळी. परवापर्यंत सगळं ठीक होतं आणि कालपासून कपडे ओले व्हायला लागले, ही गोष्ट वेगळी. अचानक झालेला बदल डिमेन्शियाच्या खात्यात टाकू नका. त्यामागे बहुधा दुसरं दुखणं असतं आणि त्यावर इलाज असतो.

लघवीचा जंतुसंसर्ग हे त्यातलं नेहमीचं कारण. म्हाताऱ्या माणसाला ताप किंवा जळजळ असेलच असं नाही. नुसता गोंधळ वाढतो, चिडचिड होते, नाहीतर माणूस दिवसभर गुंगीत पडून राहतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात लघवीची तपासणी होते. तिथेच रक्तातली साखरही बघून घ्या, कारण साखर वाढली की लघवी भरपूर आणि वारंवार होते.

दुसरं कारण बद्धकोष्ठ, आणि इथे घरच्यांची हमखास फसगत होते. आतड्यात कडक शौच अडकून बसतं आणि त्याच्या बाजूने पातळ पाणी झिरपत राहतं. कपड्याला सारखं पातळ लागतं, म्हणून घरचे जुलाब थांबवायची गोळी देतात आणि अडकलेलं आणखी अडकतं. म्हणून गोळी द्यायच्या आधी आठवून बघा, नीट घट्ट शौच शेवटचं कधी झालं? तीन दिवस होऊन गेले असतील आणि पोट कडक लागत असेल, तर डॉक्टरांना तसं सांगा. ते तपासून एनिमा द्यायचा का ते ठरवतील. इसबगोल मनाने सुरू करू नका. पाणी कमी पडलं किंवा गिळायला त्रास असला, तर ते घशात किंवा आतड्यातच गोळा होतं.

बाईमाणसाच्या बाबतीत एक गोष्ट कोणी बोलत नाही, ती म्हणजे अंग बाहेर येणं. अनेक बाळंतपणं आणि जन्मभर ओझी उचललेल्या बायांमध्ये हे खूप दिसतं. लघवी पूर्ण सुटत नाही, थेंब थेंब येत राहते, बाई सारखी उठते. तिने हे वीस वर्षं लपवलेलं असतं आणि आता तिला सांगताही येत नाही. परिचारिकेला किंवा डॉक्टरीणबाईंना तपासायला लावा. पुरुषांमध्ये हेच काम वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी करते.

औषधांची पिशवीही सोबत न्या. सर्दी-खाजेच्या जुन्या गोळ्यांनी लघवी अडते, शौच कडक होतं आणि गोंधळ वाढतो. बीपीसाठी किंवा पायाच्या सुजेसाठी दिलेली पाण्याची गोळी संध्याकाळी घेतली, तर रात्र उठाबशीत जाते. ती सकाळी चालेल का ते विचारा. स्मृतीसाठी देतात त्या डोनेपेझिलने काहींना पातळ शौच किंवा लघवीची घाई होते. कोणतीच गोळी परस्पर बंद करू नका.

आणखी एक खूण लक्षात ठेवा. चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे घासत पडणं, लघवीवरचा ताबा जाणं आणि विसराळूपणा, ही तिन्ही लक्षणं साधारण एकाच काळात आली, तर मेंदूत पाणी साठण्याचा एक आजार असू शकतो. त्यावर काही जणांना शस्त्रक्रियेने फरक पडतो. अशा माणसाला मेंदूविकार तज्ज्ञांकडे न्यायलाच हवं.

लघवी आठ तासांत अजिबात झाली नाही, बेंबीखाली पोट फुगून दुखतंय, लघवीत रक्त आहे किंवा माणूस एकदम गुंगीत गेलाय, तर उद्याची वाट बघू नका.

तीन दिवस लिहून ठेवा

भिंतीवरच्या कॅलेंडरला पेन बांधा. उठल्यापासून झोपेपर्यंत दर वेळी वेळ लिहा, त्यापुढे एक अक्षर: लघवीला ल, शौचाला श किंवा कपडे ओले झाले तर ओ. काय प्यायले, किती प्यायले, तेही. जमलं तर एखाद्या जुन्या मापाच्या भांड्यात लघवी मोजा. एका वेळी साधारण २०० ते ३०० मिली होणं ठीक आहे. दर वेळी ५०-१०० मिलीच होतेय आणि माणूस सारखा जातोय, तर लघवी आत राहतेय किंवा संसर्ग आहे असा संशय घ्या. दर वेळी भरपूर होत असेल, तर साखर तपासा.

तीन दिवसांत एक नमुना दिसायला लागतो. समजा सकाळी सात, साडेनऊ, बारा असे ओले कपडे होतात, तर पावणेसात, सव्वानऊ, पावणेबारा या तुमच्या न्यायच्या वेळा. नमुनाच दिसला नाही, तर जागेपणी दर दोन तासांनी न्या. शौचासाठी सकाळच्या चहा-नाश्त्यानंतरची २०-३० मिनिटं सगळ्यात चांगली. पोटात अन्न गेलं की आतडं आपोआप हलायला लागतं. त्या वेळी दहा मिनिटं शांत बसवा, घाई करू नका.

माणूस बोलून सांगत नसला, तरी शरीर सांगतं. बसल्या जागी चुळबुळ, लुगड्याचा काष्टा किंवा धोतर ओढणं, एकाएकी उठून दाराकडे चालायला लागणं, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकणं. "कुठं चालले? बसा" म्हणून खाली बसवलं, की दोन मिनिटांत कपडे भरतात.

साठ वर्षांची वाट आणि काल बांधलेला संडास

शहरासाठी लिहिलेला सल्ला खेड्यात निम्माच लागू पडतो. आपल्याकडच्या कितीतरी घरांत संडास आला तो स्वच्छ भारत अभियानाच्या १२,००० रुपयांच्या अनुदानातून. ते अभियान सुरू झालं २ ऑक्टोबर २०१४ ला. आज ऐंशीचा असलेला माणूस तेव्हा सत्तरीच्या आसपास होता. त्याआधी जन्मभर पहाटे अंधारात टमरेल घेऊन गोदरीवर नाहीतर वावराच्या धुऱ्याला जायचं, हेच त्याच्या अंगात मुरलेलं. डिमेन्शियात नवीन गोष्टी आधी पुसल्या जातात, जुन्या टिकतात. आबाजी संडास "विसरले" नाहीत. त्यांच्या मेंदूत आता तो बांधलेलाच नाही. तुळशीमागचा आडोसा, ढोरांच्या कोठ्याची भिंत, बाभळीचं खोड, या त्यांच्यासाठी बरोबर जागा आहेत.

म्हणून जुनी सवय मोडायला जाऊ नका, तिलाच संडासापर्यंत आणा. त्यांचं जुनं टमरेल किंवा लोटा असेल, तर तोच वापरा. हातात दिला की पाय आपसूक उठतात. "टॉयलेटला चला" हा शब्द त्यांच्या कामाचा नाही. "चला जी आबाजी, बाहेर जाऊन येऊ" किंवा "माय, परसाकडं जाऊन ये" म्हणा. घरात त्यासाठी जो शब्द जन्मभर चालत आला तोच, आणि सगळ्यांनी तोच एक. "तुम्हाला जायचंय का?" असं विचारलं, तर सहसा "नाही" येतं. विचारण्याऐवजी लोटा पुढे करा आणि सोबत चालायला लागा.

पहाटे चारला उठून दार उघडून चालू लागणारा माणूस बहुधा याच कामाला निघालेला असतो. त्याला अडवून वाद घालण्यापेक्षा आधी संडासात न्या. मग बघा, बरेचदा तो परत येऊन झोपतो. एकट्याने मात्र बाहेर जाऊ देऊ नका. पावसाळ्यात साप-विंचू आहेत, वावरात कठडा नसलेल्या विहिरी आहेत. बाहेरच्या दाराला घंटी किंवा ढोराच्या गळ्यातली घुंगरमाळ बांधली, की तुम्हाला जाग येते.

ज्या कोपऱ्यात ते नेहमी जातात तिथे एखादं जड पिंप, बाज किंवा काट्याचं कुंपण ठेवा, म्हणजे ती जागा आडोशाची दिसत नाही. आणि एवढं करूनही घरालगतच्या सांदवाडीतलाच एक कोपरा त्यांना हवा असेल, तर तिथे चार बांबू आणि ताडपत्री लावून लघवीसाठी आडोसा करून द्या, खाली गिट्टी टाका, दिवसातून दोनदा पाणी मारा. यात कमीपणा काही नाही. भांडण रोज करण्यापेक्षा हे बरं.

संडास दिसत नाही म्हणून

पांढरं भांडं, पांढऱ्या टाइल्स, पांढरी भिंत. आजारी मेंदूला यातलं भांडं वेगळं दिसतच नाही. काळपट ओली फरशी खड्ड्यासारखी वाटते आणि माणूस उंबऱ्यावरच अडतो. भांड्याभोवतीची फरशी किंवा पाय ठेवायच्या जागा उठून दिसणाऱ्या तेलरंगाने रंगवा, लाल चालेल, काळपट नको. दारही घरातल्या बाकीच्या दारांपेक्षा वेगळ्या रंगाचं करा. दारावर अक्षरं लिहून फारसा उपयोग नाही, लोट्याचं चित्र चालतं. दार दिवसा अर्धवट उघडं ठेवा. बंद दारामागे काय आहे हे त्यांना आठवत नाही. आतली कडी काढून टाका, नाहीतर एक दिवस ते आत अडकतील.

बादलीत, गंजात, रिकाम्या घमेल्यात, टोपल्यात लघवी करणं याचंही कारण हेच. गोल तोंडाची, उघडी, खाली ठेवलेली वस्तू भांड्यासारखी दिसते. त्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर अशी वस्तू ठेवू नका. पिण्याचा माठ आणि गुंड उंच घडवंचीवर, झाकण लावून. संडासातलं ॲसिड आणि फिनेल कुलपात. फवारणीचं औषध तर घरातच नको. त्याचं रिकामं डबडं टमरेल म्हणून कधीच वापरू नका, धुऊनही त्यातलं विष पूर्ण जात नाही.

उकिडवं बसणं गुडघ्यांना जमत नसेल, तर तेही टाळाटाळीचं कारण असतं. मधे भोक असलेली प्लास्टिकची किंवा लोखंडी कमोड खुर्ची देशी भांड्यावर ठेवता येते. बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत, नाहीतर जोर लावता येत नाही. प्लास्टिकच्या साध्या खुर्चीला भोक पाडून वापरू नका, ती मधोमध फाटते. बसल्यावर हात सहज पोचेल त्या उंचीवर भिंतीत लोखंडी पाइपाचं हँडल पक्कं बसवा. नळाला धरून उठायची सवय लागली, तर नळ तुटतो आणि माणूस पडतो.

कपड्यांचा गुंता

घरचे सोयीसाठी आजीचं लुगडं सोडवून गाऊन घालतात, आबाजींचं धोतर काढून नाडीचा पायजमा देतात, आणि मग कपडे ओले व्हायला लागतात. कारण हातांना जुनीच हालचाल येते. काष्टा बाजूला कसा सारायचा हे आजीच्या हाताला न आठवता येतं, गाऊन वर धरायचा हे नाही. जोवर लुगडं जमतंय तोवर राहू द्या. अगदीच जमेनासं झालं, की मग गाऊन. पुरुषांना नाडीऐवजी इलॅस्टिकचा पायजमा. चेन आणि बटणं टाळा.

आत गेल्यावर नुसतं उभं राहणं, कपडे न काढताच बसणं, आधी पाणी टाकून मग बसणं, हा क्रमाचा घोळ आहे. एका वेळी एकच गोष्ट सांगा. "धोतर सोडा." ते झालं, की "बसा." हाताने दाखवा. तीन वाक्यं एकदम सांगितली, तर एकही पोचत नाही.

लपवणं, माखणं, पुन्हा पुन्हा जाणं

ओले-भरलेले कपडे पेटीत, गादीखाली, कोठीमागे सापडतात, कारण लाज अजून जिवंत आहे. काहीतरी वाईट झालं एवढं कळतं, पुढे काय करायचं ते कळत नाही. सगळ्यांसमोर ते बाहेर काढून "हे काय केलं?" विचारू नका. लपवायच्या दोन-तीन जागा ठरलेल्या असतात. त्या रोज गुपचूप बघा आणि त्यांच्या बाजेजवळ झाकणाची बादली ठेवा. कपडे तिथे पडायला लागले, की काम सोपं होतं.

शौच हाताने भिंतीला, अंथरुणाला माखलेलं दिसलं, की घरच्यांचं मन खचतं. हे सगळ्यात जड जातं, त्यात तुमचं काही चुकत नाही. होतं असं: कडक शौच अडकलं की दुखतं, माणूस बोटाने ते काढायला बघतो, किंवा मागे ओलं लागतं, काय आहे म्हणून हात घालतो. हात घाण झाला, तो कुठेतरी पुसायचा, जवळ भिंत असते. म्हणजे इलाज भिंतीचा नाही, बद्धकोष्ठाचा आणि खाजेचा. जंत आणि मूळव्याध तपासून घ्या. नखं दर आठवड्याला बारीक कापा. शौचानंतर लगेच धुवा. असं झालेलं असताना ओरडू नका. दोन्ही हातांत ओलं फडकं द्या, म्हणजे हात त्यात गुंततात, आणि तेवढ्यात तुम्ही कोमट पाण्याने बाकीचं आवरा.

पुन्हा पुन्हा जाणाऱ्याची आधी वर सांगितलेली तपासणी करा. सगळं ठीक निघालं, तर बरेचदा कारण साधं असतं: जाऊन आल्याचं आठवत नाही, आणि हाताला काम नाही. परत आल्यावर शेंगा फोडायला द्या, वाती वळायला, तुरीचे दाणे निवडायला. दहातल्या सहा फेऱ्या वाचल्या, तरी खूप झालं.

पाणी तोडू नका. लघवी कमी व्हावी म्हणून पाणी बंद केलं, तर लघवी गडद होते, मूत्राशयाला झोंबते, घाई वाढते आणि शौच कडक होतं. चंद्रपूर-अकोल्याचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो. तेव्हा तर हे जिवावर बेतू शकतं. एरवी दिवसाला सहा ते आठ पेले, उन्हाळ्यात त्याहून जास्त, त्यातला मोठा भाग संध्याकाळी सहाच्या आत. ताक, वरणाचं पाणी, संत्र्याचा रस यात धरा. हृदय किंवा किडनीसाठी डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं असेल, तर तेच माप पाळा.

अंघोळ नको म्हणतात तेव्हा

डोक्यावरून अचानक पडलेलं पाणी त्यांना मारल्यासारखं वाटतं. आबाजींनी सुनेपुढे कपडे उतरवणं हे तर जन्मभराच्या रीतीविरुद्ध. थंडीत उघड्या न्हाणीत वारा लागतो, हेही आहेच. रोज पूर्ण अंघोळ लागत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा पुरते, मात्र जांघा, काखा आणि मागची बाजू रोज पुसलीच पाहिजे.

पाणी, साबण, टॉवेल, कपडे आधी तयार ठेवा, मग माणसाला आणा. चुलीवरून किंवा बंबातून काढलेलं पाणी आधी बादलीत थंड पाणी घेऊन त्यात मिसळा आणि कोपर बुडवून बघा. त्यांना चटका लागलेला लवकर सांगता येत नाही. रुंद बुडाच्या स्टुलावर बसवा, खांद्यावरून टॉवेल किंवा जुनं पातळ पांघरा आणि ते अंगावर असू द्या. "अंघोळ" हा शब्दच काढू नका. "पाय धुऊन देतो जी" म्हणून पायापासून सुरुवात करा, गुडघा, मग हात, मग पाठ. लोटा त्यांच्या हातात द्या. डोकं शेवटी, नाहीतर वेगळ्या दिवशी. हात झटकला, की थांबा आणि दुपारी ऊन पडल्यावर पुन्हा बघा. शक्य असेल तर आबाजींना मुलाने, आजीला लेकीने किंवा सुनेने घालावी.

रात्र

बाजेपासून संडासापर्यंतची वाट मोकळी ठेवा. पायपुसणं, वायर, चपला काढा. लाइट जाते म्हणून चार्जिंगचा बल्ब संडासाच्या दारावरच लावा, लाइट गेली की तो आपोआप लागतो. संडास अंगणापलीकडे असेल, तर रात्री तिथे नेण्याचा आग्रह सोडा. बाजेजवळ कमोड खुर्ची, पुरुषांना लघवीचं प्लास्टिकचं भांडं. झोपायच्या आधी एकदा आणि तासाभराने पुन्हा एकदा न्या. गादीवर मेणकापड, त्यावर जुन्या सुती लुगड्याची चौपदरी घडी, म्हणजे रात्री फक्त घडी बदलावी लागते. खताचं किंवा बियाण्याचं प्लास्टिकचं पोतं अंथरू नका.

डायपर शेवटचा उपाय, पहिला नव्हे. माणूस नेल्यावर जाऊ शकत असेल, तर डायपरने तीही सवय जाते. प्रवासाला, रात्रीला, दवाखान्याच्या दिवशी जरूर वापरा. कमरेचं माप घेऊन घ्या. दर चार-सहा तासांनी बदला, शौच झालं तर लगेच. बाईमाणसाला पुढून मागे पुसा. धुऊन टिपून कोरडं करा, घासू नका, मग खोबरेल तेलाचा किंवा व्हॅसलिनचा पातळ थर. माकडहाडावरचा लाल डाग बोटाने दाबून सोडल्यावर पांढरा होत नसेल, तर ती बेडसोअरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची, सुरुवात आहे. आशाताईला लगेच दाखवा.

डायपर किंवा चिंधी संडासात टाकू नका. दोन खड्ड्यांच्या संडासाचा पाइप तिथेच तुंबतो. शौच भांड्यात झटकून, डायपर कागदात गुंडाळून घंटागाडीला द्या. ती येत नसेल, तर ढोरं-कुत्री उकरणार नाहीत इतक्या खोल आणि विहिरीपासून लांब पुरा.

कापूस वेचणीच्या दिवसांत

दिवाळीनंतर सगळं घर वावरात असतं आणि म्हातारं माणूस घरी एकटं. निघायच्या आधी संडासात न्या, दुपारच्या शिदोरीच्या वेळी एकाने घरी यावं, आणि शेजारच्या घरी वेळा लिहिलेला कागद द्या: किती वाजता न्यायचं, कोणता शब्द वापरायचा, लोटा कुठे आहे. बाहेरून कुलूप लावून जाऊ नका. कोंडल्यावर माणूस जाण्यासाठी दार बडवतो, पडतो. कोणीच नसेल, तर वावरातल्या झाडाखाली बाज टाकून सोबत न्या. पुष्कळ जणांना तिथे कमी त्रास होतो, कारण ती जागा त्यांची ओळखीची आहे.

औषधांबद्दल आणि तपासणीसाठी जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग, नागपूरचं मेडिकल कॉलेजचं रुग्णालय किंवा सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय गाठा. जाताना तो तीन दिवसांचा कागद, गोळ्यांची पिशवी आणि एक जास्तीचा कपड्यांचा जोड घ्या. तुमची स्वतःची झोप उडाली असेल, चिडून हात उचलला जाईल असं वाटत असेल, तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत नंबर कधीही लावा, मराठीत बोलता येतं. ज्येष्ठ नागरिकांच्या मदतीसाठी १४५६७. दोन्ही नंबर त्याच कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.